चुलीच्या देवाचं तोंड

लग्न होऊन आले तेव्हा मला मराठी येत नव्हतं, म्हणून प्रत्येक भांडण राजश्री जिंकायची. आता येतं. शिकवलं तिनेच. माझ्या तोंडातली एकूण एक म्हण तिने आधी मला मारून फेकलेली आहे, मी फक्त उचलून ठेवली.

मी कोलकात्याच्या टांगऱ्याची. पणजोबा चीनमधून आले आणि चामड्याच्या धंद्यात राहिले. आम्ही हाक्का लोक. माझं नाव सिउलिन. नितेश बोटीवर नोकरीला. बोट तिकडे लागली की आमच्या गल्लीत जेवायला यायचा, आणि जेवता जेवता मला रत्नागिरीला घेऊन आला. लग्नात माझं नाव अक्षया ठेवलं. राजश्री, म्हणजे माझी थोरली जाऊ, दोन्ही नावं घेत नाही. 'चिनीण' म्हणते. करोनात मेलीने माझा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला होता. आणि त्या संक्रांतीला तिला माझी चूल वेगळी करायची होती.

मागच्या पडवीत ओटा बांधून झाला होता. नवी शेगडीसुद्धा आणून ठेवली होती. आमचे सासरे, आप्पा, एवढंच म्हणाले, "हळदीकुंकू नीट पार पडू दे, मग बघू." नितेश समुद्रावर, त्याला फोन लागेल तेव्हा लागेल. मला पडवीची लाज नव्हती हो. पण एका चुलीवरचं खातात ते एक घर, हे टांगऱ्यात तसं रत्नागिरीतही. माझी चूल बाहेर गेली की मी ह्या घरातली भाडेकरू झाले. ते मला सहन होणार नव्हतं.

त्या वर्षी आमचा एक सण नेमका संक्रांतीलाच आला. आमच्याकडे चुलीचा देव असतो. कागदावरचं चित्र, चुलीच्या वर चिकटवायचं. वर्षभर तो घरातलं सगळं बघतो, ऐकतो, आणि नवीन वर्षाच्या आधी वर जाऊन ह्या घरात काय काय चाललं ते सांगतो. म्हणून जायच्या दिवशी त्याच्या तोंडाला चिकट गोड फासायचं. एक तर तो गोड बोलेल, नाहीतर तोंडच उघडणार नाही. मग कागद जाळायचा, की तो निघाला.

आदल्या दिवशी राजश्री म्हणाली, "उद्या बायका येणार. तू आपली पार्लरमध्ये कामाला जा."

"उद्या माझा सण आहे. चूल सोडून जायचं नसतं."

"तुझा कसला गो सण? आणि तो मिशीवाला कागद काढ आधी भिंतीवरनं. आनंदीबाईंनी बघितला तर गावभर करतील."

मी कागद काढला नाही. पहाटे उठून मोदकपात्र चढवलं. भावाने पाठवलेलं चिकट तांदळाचं पीठ आणि गूळ, ह्याचं तिआमपान करतात. तासन् तास वाफेवर ठेवायचं, मग खरवसासारखं थरथरतं, पण दातात धरलं की सोडत नाही. शेजारच्या शेगडीवर राजश्रीने तिळाच्या लाडवांचा पाक ठेवला. तुळसा, आमच्याकडे कामाला येणारी संगमेश्वराकडची बाई, तीळ भाजत होती. तिघी एका ओट्याशी. कोपर लागलं तरी ठिणगी पडेल अशी गत.

"मेलं काय शिजवतेय, पायताणाचं कातडं?" राजश्री म्हणाली.

"तुमच्या जिभेपेक्षा मऊ आहे."

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या आईपासून सुरुवात करून ती पार चीनच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आली. मीही सोडलं नाही. शेवटी ओरडले, "ह्या वर्षी मी देवाच्या तोंडाला काही लावणारच नाही. जाऊ दे तसाच वर. तुम्ही मला काय काय बोललात ते सगळं सांगू दे!"

"सांगू दे! घाबरते की काय मी तुझ्या कागदाला?"

"आवो वयनी, पाक!" तुळसा किंचाळली.

राजश्रीने घाईघाईत सगळे तीळ पाकात ओतले, पण पाक पुढे गेला होता. बघता बघता कढईत एकच वडी झाली, कढईएवढी. तुळसाने उलथनं घातलं ते वाकलं.

"दगूड झालाय," तुळसा म्हणाली. "ह्याच्यानं डोकी फुटतील."

"हिने दृष्ट लावली!"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. ही म्हण मला वांग्याचं भरीत करपलं तेव्हा मिळाली होती, तिच्याकडूनच.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? घरातले सगळे तीळ त्या कढईत होते आणि चार वाजता बायका येणार होत्या. राजश्री स्टुलावर बसली आणि तिचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. मग माझ्या डोक्यात आलं, रिकामं ताट काय एकट्या राजश्रीचं? आमच्या घराचं. घर माझं आहे म्हणून भांडायचं आणि घराची शोभा होताना हसायचं, हे कसं जमणार? वर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, आणि रात्रीच्या आत चूल पडवीत.

मी मोदकपात्र उघडलं. टांगऱ्यात सणाला चिकट भाताचे गोळे करून तिळाच्या कुटात घोळवतात. माझं तिआमपान होतं, तिचा कूट दगडाच्या रूपात होता.

"तुळसा, ते फोड आणि व्हायनात घालून कूट. अगदी बारीक."

तुळसाने कढई पालथी घालून वरवंट्याने वडी फोडली, मागच्या दारच्या दगडी व्हायनात टाकली आणि मुसळ घेतलं. कोणाचा राग काढत होती देव जाणे, पण घाव बसत होते. मी गरम गोळा ताटात काढला. गोळे करायला गेले तर तो माझ्या दहाही बोटांना चिकटला. हात वर धरून उभी राहिले.

"शी! हे काय हात आहेत?" राजश्री उठली. "हो बाजूला. उकड कधी हातात धरली आहेस का जन्मात?"

तिने हाताला खोबरेल लावलं, चिमूट काढली आणि तळहातावर फिरवली. सुबक, गोल, एकासारखा एक. बाईची जीभ कशीही असो, मोदकाचा हात तिच्यासारखा आमच्या वाडीत कोणाचा नाही. मी वाफेवरून काढायचं, तिने वळायचं, तुळसाने कुटात घोळवायचं. तोंडं चालूच होती. मी जास्त गरम देते म्हणून तिने मला कैदाशीण म्हटलं, मी तिला आग्यावेताळ म्हटलं, आणि तुळसा दोघींना म्हणाली की आता गप बसला नाहीत तर मुसळ घेऊन घरी जाईन. बायका आल्या तेव्हा ताट भरलं होतं.

आनंदीबाई पहिल्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी ही बाई. कुंकू लावून घेता घेताच तिची नजर माझ्यावर आली. "राजश्री, हीच का ती तुमची चि..."

"तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणत राजश्रीने तिच्या तोंडात गोळाच घातला.

आनंदीबाईंचं तोंड मिटलं ते मिटलं. कवळी आत कुठेतरी अडकली असावी, कारण त्यांनी गालाला हात लावला आणि डोळे मोठे केले. बाकीच्यांनीही घेतले. गोड लागत होतं, थुंकवेना. चिकट होतं, गिळवेना. ओटीवर भरगच्च बायका आणि अळीमिळी गुपचिळी! असं शांत हळदीकुंकू आमच्या वाडीत झालं नसेल. जरा वेळाने एकीने कसंबसं विचारलं, "छान आहे गो. कोणी केलं?"

मी पदर सावरून पुढे सरकले.

"आमच्या घरात करतात," राजश्री म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला इतका संताप आला! केलं कोणी, पीठ कोणाचं, सण कोणाचा? 'आमच्या' हा शब्द मला नंतर ऐकू आला.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात कागदासमोर उभी राहिले. पात्राच्या तळाशी देवापुरता एक गोळा राहिला होता. तो हातात घेतला, पण हात वर जाईना. सकाळचा राग तसाच होता. सांगू दे त्याला.

राजश्री मागून आली. "लाव ना. काय मुहूर्त बघतेस?"

"नाही लावणार. तुमचं सगळं सांगू दे."

"आणि तुझं? मला आग्यावेताळ म्हणालीस ते?"

"तेही सांगेल. चूल एक आहे तोवर तो दोघींचं एकत्रच सांगतो."

तिने त्या मिशीवाल्याकडे एकदा बघितलं. मग माझ्या हातातला गोळा ओढून घेतला आणि कागदावर असा थापला की तोंड, मिशा, नाक सगळं बुजलं. "घे. आता श्वाससुद्धा घेणार नाही मेला."

आप्पा दारात आले होते. हळदीकुंकू पार पडलं होतं, तेव्हा आता त्यांनी विचारायचंच होतं. "राजश्री, मग उद्या चूल मांडायची ना पडवीत?"

मी राजश्रीकडे बघितलं.

"कोणाची चूल?" ती वसकन अंगावर गेली. "ती शेगडी अंघोळीच्या पाण्याला लावा. आणि तू काय बघत उभी गो? ते पात्र घास. मोदकाचं पात्र आहे माझं, वाट लावलीस."

मला रडू आलं. पण तिच्यासमोर रडले असते तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. मी कागद काढून मागच्या दारी जाळला आणि पात्र घासायला घेतलं. चिकट इतकं बसलं होतं की निघता निघेना. दुसऱ्या दिवशी बडबडत, शिव्या देत, उरलेलं तिने घासलं.