पाठीमागचा टीव्ही

दातांच्या कवळ्या बनवणारी बाई राक्षसीण बनवायला बसली, यात नवल ते काय? मेण तेच, हत्यारं तीच. धाकटीने कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या गुलाबी मेणातून बोटभर उंचीची एक म्हातारी कोरली. तिच्या तोंडात खरेखुरे दात बसवायचा मोह मात्र तिने मोठ्या कष्टाने आवरला.

हा सगळा खटाटोप रविवारच्या खेळासाठी. खेळ असा, की टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि सूत्रधार सांगेल त्या दुनियेत शिरायचं. समोर बंद दार आहे, काय करता? तुम्ही म्हणायचं, लाथ मारतो. दार तुटलं की पाय मोडला, ते फासे ठरवणार. पोरकट वाटतं ना ऐकायला? लग्न होऊन या घरात आली तेव्हा धाकटीलाही वाटलं होतं. पुढे तिला त्याचं असं वेड लागलं की नवऱ्याने हात टेकले.

सूत्रधार म्हणजे तिचे थोरले दीर, भाऊजी. हातात कागदाचा चिटोरा नसताना, नुसत्या आवाजावर ते माणसांना गुहेत नेऊन घाम फोडत. मग गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही कान लावून ऐकावी अशी. भाऊजींनी फाशांची पिशवी कपाटावर भिरकावली आणि रविवारी दुपारी ते भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. झोपत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीला ते बघवत नसे.

म्हणून तिने लॅपटॉपचा घाट घातला. भाऊजींसारखं बोलणं तिला सात जन्मांत जमलं नसतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिचं वाक्य अर्ध्यावरच अडायचं. पण लॅपटॉपवर नकाशे होते, वाऱ्यापावसाचे आवाज होते, राक्षसाची ताकद किती उरली याची आकडेमोड तो आपणहून करायचा. तो समोर ठेवायचा, त्यावर आपली गुपितं मांडायची आणि वायरने जोडलेल्या टीव्हीवर खेळणाऱ्यांना फक्त नकाशा दाखवायचा. अर्धं बोलणं यंत्रच करणार. मग तिने भाऊजींच्या मागे लकडा लावला.

"तुम्ही नुसतं खेळायला बसा. तुमचं पात्र मौनी जादूगाराचं आहे. तोंड उघडायचंच नाही."

भाऊजी कुजबुजले, "एकदाच. तेही तू म्हणतेस म्हणून. मग ती पिशवी कुणाला तरी देऊन टाकू."

धाकटी 'बरं' म्हणाली. पण मनाशी तिने ठरवलं, की ती पिशवी घराबाहेर जाऊ द्यायची नाही.

शनिवारी तिने सगळं जोडून, तपासून ठेवलं. आणि रविवारी सकाळी नवऱ्याने मॅच बघायला वायर काढली. मॅच संपल्यावर इमानेइतबारे परत लावली, बरं का. त्याच्या लेखी वायर म्हणजे वायर. पण त्या लॅपटॉपला खोड अशी, की वायर एकदा काढून लावली की दोन पडद्यांचं शिकवलेलं सगळं विसरायचं आणि जे आपल्या पडद्यावर तेच टीव्हीवर दाखवायचं. जसंच्या तसं, गुपितांसकट.

दुपारी कपाटावरची फाशांची पिशवी काढून धाकटीने टेबलावर ठेवली आणि ती टीव्हीकडे पाठ करून बसली. तिच्यासमोर तिघे होते. एक भाऊजी. दुसरी नणंद, जी आठवडाभर शहराची बस चालवायची, एक सिग्नल मोडायची नाही, आणि खेळात अट्टल चोर व्हायची. तिसरे शेजारचे घड्याळकाका. दुकानात चिमट्याने केसाएवढे काटे उचलणारा हा माणूस खेळात दारं फोडणारा आडदांड योद्धा असायचा.

"नकाशा दिसतोय ना सगळ्यांना?" धाकटीने विचारलं.

तिघांनी वर बघितलं. टीव्हीवर नकाशा होता, नकाशात विहीर होती, आणि विहिरीशेजारी ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'म्हातारी हीच राक्षसीण. पाणी प्यायले की सगळे झोपतील. मग ती खाईल.'

नणंदेने तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून भाऊजींचा पाय तिच्या पायावर पडला.

"दिसतोय," ती म्हणाली. "फार स्वच्छ दिसतोय, वहिनी."

धाकटीने सुरुवात केली. आवाज थरथरत होता. लॅपटॉपमधून पाणी ठिबकल्याचा आवाज येऊ लागला, तेवढाच आधार. तिने मेणाची म्हातारी टेबलावर ठेवली आणि बारीक आवाज काढला, "दमलात ना बाळांनो? पाणी प्या."

आता खरी परीक्षा होती. ही मंडळी कसली संशयी, ते ती जाणून होती. भाऊजी सूत्रधार असताना हे लोक साध्या खुर्चीवरसुद्धा आधी काठीने टोचून मग बसत. इतक्या सहज कोण पिणार?

घड्याळकाकांनी घसा खाकरला. "माझा योद्धा एक बादली पितो."

"अख्खी बादली?"

"दुसरी पण द्या म्हणावं. गोड आहे पाणी."

"मी पिते आणि वाटेसाठी बाटलीही भरून घेते," नणंद म्हणाली. "काय प्रेमळ आजी आहे हो."

भाऊजींनी मेणाच्या म्हातारीला हात जोडले, ओंजळ करून घटाघटा प्यायल्यासारखं केलं आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.

धाकटी हरखली. जमतंय की आपल्याला! तिचा आवाज मोकळा झाला. तिची म्हातारी खोकली, हसली, गुडघेदुखीचं रडगाणं गायली. धाकटीला लॅपटॉपकडे बघायचंही भान राहिलं नाही. आपली जादू भाऊजींवर किती चढली ते पाहावं म्हणून तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चष्म्याच्या काचेत तिला इवलासा टीव्ही दिसला. त्यावर तांबडं काहीतरी. शेजारी एक बाण.

तिने माउस डावीकडे हलवला. काचेतला बाण सरकला. उजवीकडे हलवला. पुन्हा सरकला.

आई गं. तिची कानशिलं तापली. धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं असं तिला झालं. लॅपटॉप फाडकन मिटायला तिने हात पुढे केला.

आणि थांबला तो हात. म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असून बादल्या रिचवल्या. माझ्यासाठी! तिचे डोळे भरून आले. आणि खोटं कशाला सांगू, त्याच डोळ्यांत एक खोडीही चमकली. चेहरा कोरा ठेवून, मागे अजिबात न बघता तिने लाल अक्षरांखाली टाइप केलं: 'ज्यांनी हे वाचलं त्यांच्यावर पाणी चालणार नाही. पण त्यांनी वाचलंय हे म्हातारीला आत्ताच कळलं. ती योद्ध्याच्या मागे उभी आहे.'

घड्याळकाकांनी दचकून खरंच खुर्चीत वळून मागे बघितलं.

नणंद हसून हसून टेबलावर आडवी झाली. भाऊजी हसत होते. आवाज नाहीच, पण खांदे गदगदत होते, पोट हलत होतं, चष्मा काढून ते डोळे पुसत होते. वर्षभरात या घराने ते हसू पाहिलं नव्हतं.

मग लढाई जुंपली. चोराने म्हातारीची काठी पळवली, योद्ध्याने विहिरीचा कठडाच उपटला. शेवटी मौनीची पाळी आली. भाऊजींनी वीस बाजूंचा फासा पूर्वीसारखा मुठीत खूप वेळ खुळखुळवला आणि टाकला.

एक. याहून वाईट काही पडूच शकत नाही.

धाकटीचं तोंड उतरलं. पण फासा म्हणजे फासा, हे तिला भाऊजींनीच शिकवलं होतं. "मौनी विहिरीत पडला," ती हळूच म्हणाली. "राक्षसीण पळाली. आजचा खेळ इथे संपला."

भाऊजी उठले, तिच्या बाजूला आले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून एकेका बोटाने सावकाश टाइप करू लागले. धाकटीला त्यांचा कोपर तेवढा दिसत होता. समोर नणंद वाचत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं.

"वहिनी, मागे बघ."

धाकटी दुपारभरात पहिल्यांदा टीव्हीकडे वळली.

'मौनीला पोहता येतं. पुढच्या रविवारी वर येईल. आणि वायर मी लावतो.'

तिने ते वाचलं, परत वाचलं. पिशवीबद्दल विचारायला ती वळली, तर फासे पिशवीत भरून भाऊजी ती आपल्या खिशात कोंबत होते.