माझ्या बुडाची चार भोकं

मी एक जुना, गंजलेला पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, तसा मी भित्राच. आणि त्याला कारणही आहे.

माझा जन्म वनस्पती तूप भरण्यासाठी झाला. तूप संपलं आणि १९६८ साली मी मांजरी गावाजवळच्या एका रोपवाटिकेत आलो. उघड्या डोंगरांवर लावायला तिथे पहिल्यांदाच चिडाची, म्हणजे पाइनची, रोपं करायची होती. तिथले साहेब माधवराव पुण्यातले, बोलायला तिरकस. त्यांनी खिळ्याने माझ्या आणि रांगेतल्या इतर डब्यांच्या बुडाला चार-चार भोकं पाडली. फार दुखलं. मग माझ्यात भुसभुशीत माती भरली आणि एक बी टोचलं.

वीस दिवसांनी रोप वर आलं. डोक्यावर बियाच्या टरफलाची टोपी तशीच होती. मला त्याचा लळाच लागला.

पाणी घालायला सोजरबाई होत्या. त्यांचा सगळा जन्म उसाला पाणी पाजण्यात गेलेला. भोकांतून पाणी गळताना पाहून त्या हळहळल्या. एका दुपारी त्यांनी आम्हा सगळ्या डब्यांची भोकं चिकणमातीने लिंपून टाकली.

तेव्हापासून मला धडकी भरली. पाणी आत तुंबलं, माती आंबली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या डब्यातलं रोप बुंध्याशी सडून आडवं झालं. मग त्याच्या पलीकडचं. रोपं तहानली असं वाटून सोजरबाईंनी आणखी पाणी ओतलं! मला ओरडावंसं वाटत होतं, पण डब्याला ओरडता कुठे येतं? माझं रोप जरा कललं तेव्हा तर माझा धीरच सुटला. ते मेलं असतं तर माझ्याच पोटात मेलं असतं.

माझं रोप कललं त्याच्या दुसऱ्या दिवशी माधवराव आले. डब्यांत साचलेलं पाणी पाहून म्हणाले, “सोजरबाई, ह्या रोपांचा रस काढून गूळ करायचा नाहीये आपल्याला.”

“अवो सायेब, कळशी कळशी पाणी आणतीया म्या. खालनं वाया जात हुतं, म्हून भोकं लिंपली.”

माधवरावांनी सडलेलं एक रोप उपटून त्याची काळी मुळं त्यांना दाखवली. मग हळू आवाजात म्हणाले, “अहो बाई, मुळांनाही श्वास लागतो.”

सोजरबाई लगेच डब्यांपाशी बसल्या. बाभळीचा काटा घेऊन एकेका डब्याची भोकं कोरू लागल्या. माझी पाळी येईपर्यंत रोप आणखी वाकलं होतं. “माज्या हातानंच मारत हुते की गं लेकरांना,” असं म्हणत त्यांनी काटा खुपसला आणि काळं पाणी भळाभळा वाहून गेलं.

माझं रोप वाचलं. निम्मी वाचली नाहीत.

पुढे ते रोप माझ्यातून अलगद काढून डोंगरावर नेलं. बुडाला भोकं होतीच, म्हणून मी सोजरबाईंची झारी झालो. त्या माझ्यात पाणी भरायच्या तेव्हा मला तरीही कापरं भरायचं. पण आता त्या आधी मातीत बोट घालून ओल बघायच्या.

मित्रांनो, तुमच्या खिडकीतही एखादं रोप असेल. त्याला पाणी घालण्याआधी त्याच्या डब्याची भोकं मोकळी आहेत ना, एवढं बघा. आत कुणीतरी घाबरून बसलेलं असेल.