पुढे ढकललेली गोळी

दुसऱ्यांच्या केसांना वळण लावणं हा तिचा धंदा, आणि स्वतःच्या डोक्यावर मात्र खपल्याच खपल्या. आधी सगळे कोंडाच म्हणाले. मग तो कानांमागे उतरला, कपाळाच्या कडेला आला, तेव्हा सोरायसिस हा शब्द घरात शिरला.

डांबराचा वास येणारा शांपू झाला. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तो नाक दाबून म्हणायचा, "आज घरात रस्ता करताय वाटतं?" तीही हसायची. नंतर लोशन आलं. लावलं की उतार, सोडलं की दुपटीनं परत.

"हे लोशन कायम नाही लावायचं, कातडी पातळ होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा मुळापासून जाणारा आजार नाही, पण गोळीनं आटोक्यात राहील. फक्त ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत. मुलाचा विचार आहे?"

विचार! दोनदा पोटातलं गेलं होतं आणि चाळिशी दारात उभी होती.

त्या रात्री जेवण झाल्यावर नवरा भांडी पुसत म्हणाला, "तुला सोसवेल ते कर. मला तू हवीस."

"आणि बाळ?"

तो पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसायला लागला. तिला उत्तर कळलं.

तिनं गोळी पुढे ढकलली. प्रकाशाचे उपचार होते, पण केसांखाली प्रकाश पोचायचा नाही म्हणून तिनं लांब वेणी कापून टाकली. थोडा फरक पडला, थोडाच. एक दिवस एका बाईनं तिच्याकडून केस कापून घ्यायला साफ नकार दिला.

"लागण होत नाही हो याची," ती पार्लरच्या मालकीणबाईंना म्हणाली.

"मला कळतं गं. पण लोकांची तोंडं कुणी धरायची?"

त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत टॉवेल धुऊ लागली.

आणि मग अचानक खाज थांबली. खपल्या आपोआप गळाल्या, खालची कातडी नितळ निघाली. तिला वाटलं, प्रकाश लागू पडला. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तपासणी करायला सांगितली. दिवस गेले होते.

"कधीकधी गरोदरपणात तो असा निवतो," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं तिला टॉवेलाची बादली उचलू दिली नाही. ती सकाळी उठली की आधी डोकं चाचपायची. ते नितळ लागलं की पोटातलं नीट आहे, अशी तिनं मनाशी गाठ बांधली होती.

तेही गेलं. इस्पितळातून घरी आल्यावर काही आठवड्यांत डोकं पुन्हा भरलं, आधीपेक्षा वाईट. नवऱ्यानं गोळीचं नावही काढलं नाही. तीच एकदा म्हणाली, "आता घेते मी."

"आणखी थोडं थांबायचं?" त्यानं विचारलं.

"नाही रे. आता माझ्यात जीव नाही थांबायचा."

गोळीनं काम केलं. मधूनमधून रक्त तपासावं लागायचं, गोळी घेतली की मळमळायचं, पण डोकं साफ झालं. मालकीणबाईंनी तिला पुन्हा पुढे बसवलं. बायका म्हणाल्या, "अगं, ओळखूच येत नाहीस! सुटलीस बाई एकदाची!"

"सुटले," ती म्हणायची.

एका संध्याकाळी नवऱ्यानं तिच्या वाढलेल्या केसांतून हात फिरवला. एकही खपली हाताला लागली नाही.

"किती छान झालंय," तो म्हणाला, आणि त्याचा हात तिथंच थांबला. तिनं त्याचा हात तसाच डोक्यावर धरून ठेवला. मग दोघंही पोटभर रडली.