जबाबदारीचा बिल्ला

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण टाचणी पाडायचं भान कुणाला होतं? सगळे माना उंचावून व्यासपीठाकडे बघत होते. आणि हे सगळे म्हणजे रस्त्यावरचे बघे नव्हेत बरं का. मनाचे आजार बरे करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले समुपदेशक होते ते. मंत्रचळावर उपचार कसे करायचे हे शिकायला आले होते आणि पहिल्याच सकाळी चमत्कार बघत बसले होते.

मंत्रचळ, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात तो आजार. नको असलेला एकच विचार डोक्यात ठाण मांडतो आणि त्याला शांत करायला माणूस तेच ते पुन्हा करत राहतो. हात धुतो, कुलूप ओढून बघतो, नाहीतर घरच्यांना विचारून विचारून भंडावून सोडतो. या आजाराला मुळापासून उपटण्याची विद्या व्यासपीठावरच्या रिमोटवाल्या सरांकडे होती. पडद्यावरची चित्रं बदलायचा रिमोट त्यांच्या हातातून जेवतानाही सुटत नसे, म्हणून हे नाव.

"विचार म्हणजे काय?" सरांनी सभागृहाला विचारलं आणि सभागृहाच्या भानगडीत न पडता स्वतःच उत्तर दिलं. "विचार म्हणजे चॅनल. आवडत नाही? बदला. लोक वर्षानुवर्षं उपचार घेतात, कारण रिमोट कुठे ठेवलाय हेच त्यांना माहीत नसतं."

समुपदेशकांनी हे लिहून घेतलं. काहींनी अधोरेखितही केलं.

समोर खुर्चीत बसली होती धाकटी. तिच्या शेजारी तिचा नवरा बाळाला घेऊन उभा होता. बाळ झाल्यापासून धाकटीच्या मनात एकच विचार यायचा, की खिडकीजवळ गेले तर मी याला खाली टाकून देईन. तेव्हापासून तिनं बाळाला एकटीनं उचललं नव्हतं. दूध पाजतानाही तिला स्वतःची आई शेजारी लागायची, 'काही होणार नाही ना?' असं पुन्हा पुन्हा विचारायला. पहिल्या रांगेत बसलेली थोरली, म्हणजे तिची सख्खी बहीण, स्वतः समुपदेशक होती. पण न्हाव्यानं स्वतःची हजामत करू नये, तसं आपल्या माणसावर उपचार करू नयेत, हा या धंद्यातला नियम. म्हणून धाकटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायची. तिथलं काम हळू चालायचं, आणि हळू चालणाऱ्या कामाला टाळ्या पडत नाहीत.

सरांनी धाकटीच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "बाळाला काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," धाकटी पुटपुटली.

"चूक. या क्षणापासून जबाबदारी माझी. लिहून घे, कोरून घे, माझी." असं म्हणून त्यांनी आपल्या संस्थेचा पिवळाधमक बिल्ला तिच्या ओढणीला टोचला. "घे बाळाला."

आणि धाकटीनं बाळाला घेतलं. एकटीनं, छातीशी धरून. चहाची सुट्टी व्हायच्या आत मंत्रचळ पळाला होता. सभागृह उठून उभं राहिलं, मागच्या रांगेतले दोन प्राध्यापक चक्क हुंदके देत होते. थोरलीही रडली. खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी तिचाही विश्वास बसला होता. बहीण बाळाला धरून हसतेय म्हटल्यावर शास्त्र कुणाला आठवतं?

संध्याकाळी थोरली बहिणीकडे गेली. धाकटी बाळाला खांद्यावर घेऊन घरभर फिरत होती. खिडकीपाशीसुद्धा गेली. फक्त खिडकी जवळ आली की तिचा हात ओढणीवरच्या बिल्ल्याकडे जायचा. थोरलीनं आधी लक्ष दिलं नाही. मग दिलं, आणि मग तिला दुसरं काही दिसेना.

बाळानं दूध उलटलं. आईनं धाकटीची ओढणी काढून बादलीत टाकली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. बाळाला पलंगावर ठेवून ती धावत न्हाणीघरात गेली, ओल्या ओढणीवरून बिल्ला सोडवला आणि कुर्त्याला लावला. मग मोबाइल काढून तिनं सरांच्या संस्थेला निरोप धाडला, 'जबाबदारी अजून तुमचीच ना?'

लगेच उत्तर आलं, 'आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.'

"बघ," धाकटी सुटकेचा श्वास सोडत म्हणाली, "हो म्हणाले."

"अगं, ते यंत्राचं उत्तर आहे. तू 'पाणी कधी येणार' विचारलं असतंस तरी हेच आलं असतं."

"असू दे. बरं वाटतं. डॉक्टरीणबाईंना मी कळवून टाकलंय, आता येत नाही म्हणून."

थोरलीनं विचारलं, "आणि बिल्ला हरवला तर गं?"

"तर जबाबदारी परत माझ्यावर येईल ना." मग धाकटी बाळाकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, हा बरं होण्याचा प्रकार नाहीये का?"

"नाही गं," थोरली म्हणाली. "आधी तू आईला विचारत होतीस, आता बिल्ल्याला विचारतेस. विचारायची जागा बदलली, विचारणं तेच." आणि मग तिनं विचारलं, "उद्या मला अनुभव सांगायला बोलावलंय. काय सांगू?"

"मी पण येते," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी थोरलीला मोठ्या कौतुकानं व्यासपीठावर बोलावलं. "सांगा ताई, चमत्काराच्या घरची हकीकत."

"सांगते. आधी सगळ्यांनी एक छोटंसं काम करायचं," थोरली म्हणाली. "आपण सगळे जाणकार. मनात विचार आला म्हणून तसं घडत नाही, हे आपण रुग्णांना रोज सांगतो. तर माझ्यामागून म्हणा, 'माझ्या आईला आज अपघात व्हावा.'"

सभागृह गारठलं. कालच रिमोटनं विचारांची चॅनलं बदलायला निघालेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. कालच्या हुंदकेवाल्या प्राध्यापकांना एकदम खोकला आला. एक बाई म्हणाल्या, "असं अभद्र कशाला बोलायचं?"

"बरं, आई राहू द्या. मी सरांचं नाव घेते. सर, तुमच्या गाडीला आज अपघात व्हावा. नुसतं वाक्य आहे, शब्दांना ब्रेक निकामी करता येत नाहीत. चालेल ना?"

"अवश्य," सर हसत म्हणाले. त्यांचा चेहरा हसत होता. उजवा हात मात्र मालकाला न विचारता कोटावर गेला आणि तिथल्या तसल्याच पिवळ्या बिल्ल्याला दोनदा शिवून आला.

आधी पहिली रांग हसली, मग सगळं सभागृह. सरांनी हात खाली घेतला, पण बूंद से गई वो हौद से नहीं आती.

"हसू नका," थोरली म्हणाली. "सरांना जे झालं तेच माझ्या बहिणीला होतं, फक्त शंभर पटीनं. असले नको ते विचार तुम्हाआम्हाला सगळ्यांना येतात. आपण झटकून टाकतो. तिला वाटतं, विचार आला म्हणजे मी वाईट, आणि आता अनर्थ टाळायची जबाबदारी माझी. काल सरांनी ती जबाबदारी उचलली, म्हणून भीती तेवढ्यापुरती उतरली. चमत्कारामागचं गुपित एवढंच. कुणी दिलासा दिला की बरं वाटतंच, पण तो उतरला की जास्त हवासा वाटतो. आम्ही ज्या आजाराला दिलासा म्हणतो तो..." ती अडखळली, आणि हसून म्हणाली, "उलट सांगितलं. ज्याला आपण दिलासा म्हणतो, त्यावरच हा आजार पोसतो. आणि काल आपण त्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"पण तिनं बाळाला घेतलं होतं," सर रिमोट दाबत म्हणाले. पडद्यावर उगाच एक सूर्योदय आला.

उत्तर धाकटीनं दिलं. ती मागून पुढे आली, कुर्त्याचा बिल्ला काढून सरांच्या टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे हात पसरले.  सभागृहाच्या मोठ्या खिडकीपाशी ती बाळाला घेऊन उभी राहिली. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी 'काही होणार नाही' म्हटलं नाही, कारण थोरलीनं हात वर करून सगळ्यांना तसं बजावलं होतं.

"विचार येतोय?" थोरलीनं विचारलं.

"येतोय. कालच्यापेक्षा जास्त."

"मग?"

"येऊ दे. तो बडबडतो, बाळाला धरलंय मी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. दुपारी तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून पुन्हा वेळ घेतली.

तेव्हा मंडळी, कुणी तुमची भीती चुटकीसरशी काढून दाखवली, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, 'तुम्ही घरी गेल्यावर काय?' अंगठी असो, अंगारा असो की संस्थेचा बिल्ला, जो काढून ठेवता येत नाही तो उपचार नव्हे. आणि विचार हा विचारच असतो, मग तो आईच्या मनात येवो की प्रशिक्षकाच्या. निघताना सरांनी कोटावरचा बिल्लाही काढून धाकटीच्या बिल्ल्याशेजारी ठेवला; दोन्ही अजून त्या टेबलावर पडून आहेत. त्या दिवशी सरांची गाडी सुखरूप घरी पोचली, बिल्ला न घेता.