चव्वेचाळीस लिटरची पेटी

मित्रांनो, टेंभुर्णीत एका घराच्या ओसरीवर मी पडून असते. मी स्पीकरची एक जुनी लाकडी पेटी. आता माझ्यात स्पीकर नाही. समोर नुसतं गोल भोक आहे आणि त्यातून वारा आत येतो.

मला देवानंद यांनी घडवलं. ते सुतारकाम करत आणि तरुणपणी वीस वर्षं वरातींत मोठ्या आवाजाच्या गाड्यांवर राबलेही होते. त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं समजून घेत. त्यांची बायको बेबीनंदा गायच्या. विहारात, लग्नांत, बुद्ध पौर्णिमेला लोक त्यांच्या गायनपार्टीला बोलावत. पार्टीचा जुना स्पीकर फाटला, तेव्हा देवानंद म्हणाले, "तुझ्यासाठी पेटी मी करतो. दुसऱ्या कोणाची नको."

नव्या बारा इंची स्पीकरसोबत एक कागद आला होता. त्याला मागे पंचावन्न लिटर मोकळी हवा हवी, असं त्यावर लिहिलं होतं. पेटी छोटी झाली तर खालचे सूर कोंडतात आणि एकाच जागी फुगतात. देवानंद यांना ते पक्कं माहीत होतं. त्यांनी पन्नास, छत्तीस आणि तेहतीस सेंटीमीटर ही मापं घेतली, त्यांचा गुणाकार केला आणि हजाराने भागलं. एकोणसाठ लिटरच्या वर उत्तर आलं. त्यातले चार लिटर स्पीकरचं चुंबक आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या खाणार होत्या. उरले पंचावन्न. ते खूश झाले. मग त्यांनी प्लाय कापला, सांधे डिंकाने भरले आणि मला काळा रंग दिला.

पहिल्यांदा मला वाजवलं, तेव्हा ढोलकीचा आवाज माझ्या पोटात घुसमटला आणि ढब्ब करून बाहेर पडला. बेबीनंदांचे शब्द त्याखाली दबले. देवानंद त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भुवयांवर भुसा होता.

"कसं वाटून राह्यलं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

बेबीनंदांनी पदराने नवऱ्याच्या भुवयांवरचा भुसा पुसला. मग म्हणाल्या, "बराबर हाय. एकदम बराबर."

देवानंद लहान पोरासारखे हसले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, पण मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं.

पुढे वर्षभर मी तशीच वाजत राहिले. लोकांपर्यंत शब्द पोहोचावेत म्हणून बेबीनंदा जोर लावून गाऊ लागल्या. कार्यक्रम झाला की गरम पाणी प्यायच्या आणि गळ्यावर हात ठेवून बसायच्या. नवऱ्याने विचारलं की म्हणायच्या, "धूळ गेली असंल."

एकदा अंबडला लग्न होतं. कार्यक्रम संपल्यावर सामान गाडीत भरताना ढोलकीवाले राजानंद दुसऱ्या एका गड्याला म्हणाले, "वहिनीचा गळा सोन्याचा, पण पेटीच छोटी पडली. दादाला कोण सांगंल?" दादांना ऐकू येत नाही, म्हणून ते बिनधास्त बोलले. पण दादा समोरच उभे होते, आणि त्यांनी ओठ वाचले.

घरी आल्यावर देवानंद यांनी माझा स्पीकर काढला, मला पाठीवर निजवलं आणि लिटरच्या मापाने माझ्यात ज्वारी ओतायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... चव्वेचाळीस मापं झाली आणि मी काठोकाठ भरले. पंचेचाळिसावं माप जमिनीवर सांडलं. ते खाली बसले. प्लायच्या जाडीवरून त्यांनी बोट फिरवलं. अठरा मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून छत्तीस. आतली म्हणून धरलेली मापं त्यांनी बाहेरून घेतली होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमचे कान गेले. हातावरचा भरोसा बी जाऊ द्यायचा नव्हता मला."

"अगं, माप चुकलं तर सुतार मरत न्हाई," देवानंद म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी मागची फळी उघडली, दहा सेंटीमीटर खोल अशी नवी चौकट जोडली आणि फळी पुन्हा बसवली. ज्वारी परत मोजली. या वेळी एकोणसाठ मापं बसली.

बुद्ध पौर्णिमेला विहारात मी वाजले. मित्रांनो, तसं मी त्याआधी कधीच वाजले नव्हते. ढोलकी स्वच्छ बोलत होती. बेबीनंदा हळू आवाजात गात होत्या, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सोनूबाई मान डोलावत होत्या. देवानंद यांनी तळहात माझ्या कुशीवर ठेवला होता. पण दुसऱ्याच गाण्यात बेबीनंदांचा आवाज चिरला. त्यांनी पुन्हा सूर लावला. नुसती हवा आली.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभराच्या ओढाताणीने गळ्यातल्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. ऑपरेशन झालं. कुजबुजण्याइतका आवाज वाचला, गाणं गेलं.

गायनपार्टी आता राजानंद चालवू लागले, म्हणून स्पीकर त्यांना दिला. मी ओसरीवर आले. एका सकाळी देवानंद कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. बेबीनंदा चुलीपाशी होत्या. त्यांना ओरडता येत नव्हतं, आणि ओरडल्या असत्या तरी देवानंद यांना ऐकू आलं नसतं. त्या धावत आल्या, त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्यांना आपल्याकडे वळवलं.

"तिला कशाला तोडता?" त्यांचे ओठ हलले. "तिची काय चूक? मी बोलले असते तर हे झालंच नसतं."

देवानंद यांनी ते ओठ वाचले. मग त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, आणि दोघं माझ्यावरच टेकून बसले.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी करताना आतून मापा आणि कापण्याआधी पुन्हा एकदा मापा. आणि आपल्या माणसाचं काही चुकलं असेल, तर त्याच दिवशी मायेने सांगा. त्याला वाईट वाटेल, तो रुसेलही. रुसू द्या. माझी फळी उघडून पुन्हा बसवता आली. बेबीनंदांचा गळा नाही.