प्रभुभोजनाआधी

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी मंडळीत नाही नाही ते पसरवलं आणि शिंपीणबाईंच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून चर्चमध्ये दोघी एकमेकींकडे पाठ करून बसत.

आज प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब म्हणाले, "मनात अढी असेल तर आधी समेट करा."

शिंपीणबाई तडक उठून ऑर्गनपाशी गेल्या. ऑर्गनवाल्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी खोटं बोलले," त्या पुटपुटल्या. "तोंड दाखवायला जागा नाही मला."

"राग गेलेला नाही माझा," शिंपीणबाई म्हणाल्या, "पण तुम्हाला टाळून ही भाकर घशाखाली उतरायची नाही. सरका जरा."

दोघींनी शेजारी बसून भाकर घेतली. लेक मात्र जागची हलली नाही. तिला अजून वेळ हवा होता, आणि आईने तिला हाक मारली नाही.