फळा पुसायची घाई

"मॅडम, तिसरी शिट्टी झाली, कुकर उतरवा," असं वर्गातल्या विधीचे पप्पा, म्हणजे कापडवाले प्रेमराज जैन, चालू ऑनलाइन तासात बोलले तेव्हा दिपमालाबाई घरी टांगलेल्या फळ्यावर चौथीला लघुकोन शिकवत होत्या. त्यांनी मुकाट्याने कुकर उतरवला. तासानंतर पालकांच्या ग्रुपवर तक्रार आली : 'मॅडमचे लक्ष स्वयंपाकात असते.'

शिरपूरच्या त्या शाळेत बाईंची एकवीस वर्षं गेली होती. तक्रारींचं त्यांना काही वाटत नसे. पूर्वी पालक वर्गाच्या दारापर्यंत यायचे, आता स्वयंपाकघरापर्यंत आले होते, एवढाच फरक. मुख्याध्यापक रतिलाल सरांच्या अपेक्षा मात्र जड होत्या. त्यांना रोज वर्गातल्या बत्तीस चेहऱ्यांचा, गणवेशातला, स्क्रीनचा फोटो हवा होता.

"सर, प्राची शिरसाठ कॅमेरा लावत नाही, पण रोज 'हजर' म्हणते. वहीचा फोटोही येतो तिचा."

"चेहरा कुठंय? वर काय काळी चौकट पाठवू? शनिवारपर्यंत दिसली नाही तर नाव शाळाबाह्यच्या यादीत घाला."

एकवीस वर्षांत बाईंनी त्या यादीत एकही नाव घातलं नव्हतं. त्यांची कमाई म्हणावी तर एवढीच, आणि तिचं कुणी प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं.

प्राचीचा 'हजर' जरा घोगरा यायचा, पण बाई नेटवर्कला दोष देत. अक्षर मात्र डोंगराळ झालं होतं. त्याला नेटवर्क काय करणार? दोन महिने बाई रोज उत्तर पाठवत होत्या : 'अक्षर सुधार. लक्ष दे.'

शुक्रवारी प्राचीच्या नंबरवरून फोन आला.

"बाई, मी झुंबरबाई बोलस. प्राचीनी आजी. मनी एक तक्रार शे."

"बोला अक्का." बाई सवयीने पेन घेऊन बसल्या.

"तुम्ही फया भलता घाईमा पुसी टाकतस. मनं अर्धंच लिखाईन व्हस."

"तुमचं?"

"मंग कोनं? पोर मायबापनासंगे वावरमा जास, धाकलाले संभायाले. तठे रेंज नही. मना गुडघा दुखतस, मी घरमाच ऱ्हास. ती सांगी जास, 'आजी, नाव लिधं का हजर म्हन, फयावरलं बठ्ठं लिखी ले, कॅमेरानं बटन दाबू नको.' सांजले ती वाची लेस."

"तुम्हाला लिहिता येतं?"

"नही ना! मी चित्र काढस. जसं दिखस तसं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अक्का, मी जे लिहून पाठवायचे... अक्षर सुधार म्हणून... ते प्राचीने वाचून दाखवलं?"

"दखाडं ना. म्हनीसन तं रोज सकायमा पाटीवर हात फिरावस मी."

बाई म्हणाल्या, "उद्या ते कॅमेऱ्याचं बटण दाबा."

"पोर चिडी ना!"

"मी समजावते तिला."

शनिवारी बत्तिसावी चौकट उजळली. डोक्यावर पदर, मांडीवर वही, आणि गणवेशाचा नियम मोडू नये म्हणून गळ्यात नातीचा टाय. फोटो बघून रतिलाल सरांचा फोन आला.

"मॅडम, हे काय?"

"बत्तीस आहेत सर. मोजा."

सरांनी मोजले. बत्तीसच भरले. शाळाबाह्यची यादी कोरी गेली.

तेव्हापासून झुंबरबाईंची पेन्सिल थांबल्याशिवाय बाई फळा पुसेनात. ग्रुपवर प्रेमराजभाऊंनी लिहिलं : 'मॅडम फार हळू शिकवतात.'

कोरोनाने बंद असलेली शाळा डिसेंबरात उघडली. प्राची टाय लावून पहिल्या बाकावर येऊन बसली. हजेरीला 'हजर' खणखणीत आला. बाई उगाचच क्षणभर पुढच्या नावाला थांबल्या.

"आजी काय करतात गं आता, अकरा वाजता?"

"पाटी घेऊन बसते, बाई. फोन बाबांनी वावरात नेला. आजी मले म्हने, बाईले सांग, फया आरामशीर पुसजात."

तास संपला. बाईंनी डस्टर उचललं, फळ्याकडे पाहिलं, आणि परत टेबलावर ठेवलं.

पुढच्या तासाला आलेल्या चित्रकलेच्या सरांनी मधल्या सुट्टीत रतिलाल सरांकडे तक्रार नोंदवली : दिपमाला मॅडम फळा न पुसताच जातात.